पोटदुखीनं सुरू झालेली रात्र: जंगल शिबिरातल्या एका सर्पदंशाचं प्रकरण

शाळेचं, गावाचं आणि माणसांची नावं या लेखात दिलेली नाहीत. मुलीचं नाव बदललं आहे. तिच्या आईवडिलांनी हे लिहायला संमती दिली आणि मसुदा वाचून दोन ठिकाणच्या वेळाही दुरुस्त करून दिल्या. निवासी शिबिरांच्या सुरक्षेचं काम मी करतो. घटनेनंतर शाळेनं मला आढावा घ्यायला बोलावलं, तेव्हा शिक्षक, प्रशिक्षक, स्वयंपाकाच्या मावशी, आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि ती मुलगी अशा सगळ्यांशी बोलता आलं. कुणाला दोषी ठरवायचं हे त्या आढाव्याचं काम नव्हतं. कुठल्या क्षणी कुणाला काय माहीत होतं आणि त्यावरून त्यानं काय ठरवलं, एवढंच मी मांडत गेलो.

पार्श्वभूमी

पुण्यातली ही शाळा दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना चार रात्रींच्या शिबिराला नेते. सहामाही परीक्षा संपली की दिवाळीच्या सुट्टीआधी, म्हणजे ऑक्टोबरात. त्या वर्षी ४४ मुलं-मुली, चार शिक्षक आणि शिबिर चालवणाऱ्या संस्थेचे तीन प्रशिक्षक होते. जागा भीमाशंकर अभयारण्याला लागून असलेल्या एका वस्तीची. शेकरूच्या रक्षणासाठी १९८५ मध्ये जाहीर झालेलं हे सुमारे १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य. तळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावातल्या एका कुटुंबाच्या मालकीच्या पडीक खाचरात होता. मुलं सकाळी देवराईत जायची, शेकरूची घरटी शोधायची, दुपारी गावकऱ्यांबरोबर भातकापणीला लागायची. हातात विळा मिळतो याचं शहरातल्या मुलांना केवढं अप्रूप असतं, ते पाहिल्याशिवाय कळत नाही. असली शिबिरं बंद पडू नयेत असं मला मनापासून वाटतं आणि म्हणूनच त्यांतल्या चुका बारकाईनं बघाव्यात असंही वाटतं.

तयारी वाईट नव्हती. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली संस्थेची नोंदणी होती, तिन्ही प्रशिक्षकांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालेलं होतं, पालकांची संमतीपत्रं आणि मुलांच्या आजारांची माहिती एका फाइलीत होती. सुरक्षा आराखडा १४ पानांचा होता. त्यात बिबट्या होता, कड्याजवळ जाण्याचे नियम होते, ओढ्याला अचानक येणारं पाणी, आग्या मोहोळ, जळवा, सगळं होतं. पालकसभेत सगळ्यांत जास्त प्रश्न बिबट्यावर आले होते आणि त्यामुळे आराखड्यात बिबट्याला दीड पान मिळालं होतं.

सापाबद्दल एक ओळ होती: ‘सर्पदंश टाळण्यासाठी बूट घालावेत, उंच गवतात जाऊ नये, दगड उचलू नये.’

ही ओळ चुकीची नाही. पण ती पूर्णपणे दिवसाची आहे. पायी फिरणाऱ्या मुलाला घोणस किंवा फुरसं चावू नये म्हणून काय करायचं, एवढंच ती सांगते. झोपलेल्या मुलाबद्दल त्या १४ पानांत काहीच नव्हतं. तशी गरजही दिसत नव्हती, कारण मुलं तंबूत झोपणार होती. तंबूंना शिवलेला तळ होता, चेन होती, ‘चेन पूर्ण लावल्याशिवाय झोपायचं नाही’ हा नियम प्रशिक्षक रोज रात्री फिरून तपासत होते. साप तंबूत शिरू नये याची सोय अशी आपोआपच झाली होती, पण ती कशासाठी आहे हे कागदावर कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ

परतीचा पाऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आला. ढगांचा गडगडाट, वारा, आणि तासाभरात खाचरात घोट्याएवढं पाणी. खाचर म्हणजे पाणी धरून ठेवायलाच बांधलेली जागा. सहा तंबूंखाली पाणी शिरलं, विजा चमकत होत्या, मुलं भिजलेली. शिबिरप्रमुखांनी सगळ्यांना गावच्या समाजमंदिरात हलवलं. विजांच्या पावसात मुलांना उघड्यावरून पक्क्या छपराखाली नेण्याचा निर्णय बरोबरच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

समाजमंदिर म्हणजे एक लांब खोली, पत्र्याचं छप्पर, फरशी, एका बाजूला दार. दाराखाली तीन बोटं फट. त्याच संध्याकाळी पाऊस येताना पाहून दोन शेतकऱ्यांनी कापलेल्या भाताच्या पेंढ्या घाईघाईनं आत आणून मागच्या भिंतीला रचल्या होत्या. गावात हे नेहमीचंच आहे. वर्षाचं पीक भिजत असताना माणूस दुसरं काय करणार? मुलींच्या सतरंज्या त्याच भिंतीकडे अंथरल्या गेल्या, कारण दाराकडून पावसाचे शिंतोडे येत होते. झोपायच्या पिशव्या बऱ्याचशा ओल्या झाल्या होत्या, म्हणून अनेक जणी नुसत्या सतरंजीवर चादर पांघरून झोपल्या.

साडेनवाच्या सुमारास दिवे मालवले. गाडीचा चालक तासाभरापूर्वीच जीप घेऊन शेजारच्या गावी स्वतःच्या घरी गेला होता. आराखड्यात ‘आपत्कालीन वाहन: २४ तास उपलब्ध’ असं होतं. तिथं गाडी रात्री कुठं उभी राहणार हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

अडचण

पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी सई (वय १३) उठली आणि शेजारच्या मॅडमना म्हणाली, पोटात खूप दुखतंय. बाहेर जाऊन तिला एक उलटी झाली. अंगावर कुठं सूज नाही, जखम नाही, काही चावल्याचं तिला आठवतही नव्हतं.

मॅडमच्या मनात तीन शक्यता आल्या आणि तिन्ही रास्त होत्या. आदल्या दिवशी घाटात दोन मुलांना उलट्या झाल्या होत्या. रात्रीच्या जेवणात पावटा होता. आणि तेरा वर्षांची मुलगी, म्हणजे पाळी आली असेल. त्यांनी तिला हळूच विचारलं, गरम पाण्याची पिशवी दिली, अ‍ॅसिडिटीची गोळी दिली, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं आणि मांडीवर डोकं घेऊन बसल्या. प्रशिक्षकाला उठवलं नाही. पोटदुखीसाठी कशाला उठवायचं, असं कुणालाही वाटलं असतं.

पावणेचारच्या सुमारास सई म्हणाली, ‘मॅडम, घशात काहीतरी अडकलंय.’ पाणी गिळताना ठसका लागला आणि थोडं नाकावाटे आलं. मॅडमना ते रडण्यामुळे वाटलं. बोलणंही जरा जड येत होतं, पण मुलगी झोपेत होती.

चार वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकाच्या मावशी चूल पेटवायला आल्या. त्यांनी कंदील वर धरला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बाई, ह्ये पोटाचं न्हाई. डोळं बघा तिचं.’ सई जागी होती, बोलत होती, पण पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. ‘डोळे उघड’ म्हटल्यावर कपाळाला आठ्या घालून ती प्रयत्न करत होती, पापण्या उठत नव्हत्या. मावशींच्या चुलत दिराचं असंच झालं होतं. तेही पोटदुखीनंच सुरू झालं होतं आणि उजाडायच्या आत तो गेला होता. त्या म्हणाल्या, ‘मण्यार आसंल.’

मण्यार कशी वागते हे इथं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावरच फिरते. काळीशार चकचकीत, अंगावर बारीक पांढरे पट्टे, पूर्ण निशाचर. उंदीर, पाली, बेडूक आणि दुसरे सापही खाते, त्यामुळे धान्य आणि पेंढा असेल तिथं ती येते. तिचे विषदंत लहान, चावा जवळजवळ वेदनाहीन. जमिनीवर झोपलेल्या माणसाला बऱ्याचदा जागही येत नाही. दंशाच्या जागी सूज येत नाही, खूण मिळेलच असं नाही. काही तासांनी पोटात कळा येतात, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो, पण श्वास घेता येत नाही. पावसाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत पहाटे पोटदुखी आणि त्यासोबत उतरलेल्या पापण्या दिसल्या, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मण्यारच धरायची, हे ग्रामीण भागातल्या अनुभवी डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. शहरातल्या शिक्षकांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

समोरचे पर्याय

मॅडमनी शिबिरप्रमुखांना उठवलं. ते, एक प्रशिक्षक, दोन शिक्षक आणि मावशी असे पाच जण समाजमंदिराच्या पायरीवर उभे होते. प्रत्येकाला आठवलेलं बोलणं थोडं थोडं वेगळं आहे, पण पर्याय कोणते होते यावर सगळ्यांचं एकमत आहे.

उजाडेपर्यंत थांबावं, असं एका शिक्षकांचं म्हणणं होतं. रस्त्यावर पावसानं माती वाहून आली होती, वळणं अंधारी, मुलीला नेताना गाडीच घसरली तर? चावल्याची खूण नाही, साप कुणी पाहिलेला नाही, मावशींच्या अंदाजावर मध्यरात्री एवढा जीव धोक्यात घालायचा का? हे भित्रेपणाचं बोलणं नव्हतं. घाटरस्त्यावरचा अपघात हा शिबिरांमधला खराखुरा धोका आहे.

दुसरा पर्याय, थेट व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जायचं. अंतर ५५ किलोमीटर, रात्री किमान पावणेदोन तास. वाटेत श्वास थांबला तर हातात काहीच नाही.

तिसरा पर्याय ११ किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं सर्पविषावरची लस असेल का, डॉक्टर निवासस्थानी असतील का, कुणालाच माहीत नव्हतं. आराखड्यात त्या केंद्राचं नाव आणि अंतर होतं, फोन नंबर नव्हता.

चौथा, १०८ ला फोन करून रुग्णवाहिकेची वाट पाहायची. मोबाइलला रेंज दीड किलोमीटरवरच्या टेकाडावर गेल्यावरच यायची.

आणखीही एक सल्ला आला. आवाज ऐकून आलेल्या एका वयस्कर गावकऱ्यानं शेजारच्या वाडीतल्या भगताकडे न्यायला सांगितलं. मावशींनीच त्यांना हात जोडून सांगितलं, ‘आण्णा, माझ्या दिराला तिथंच न्हेलं हुतं.’ तो विषय तिथंच संपला.

मला यात सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे की तरुण प्रशिक्षकानं प्रश्नच बदलला. ‘साप चावला आहे का’ यावर वाद चालला होता. तो म्हणाला, चावला असो वा नसो, जिला गिळता येत नाही आणि पापण्या उचलता येत नाहीत अशी मुलगी इथं ठेवता येणार नाही. त्यानं सईला मान उचलायला सांगितली. तिला जमली नाही. मग एका श्वासात आकडे मोजायला सांगितले. ती एकोणीसपर्यंत गेली.

काय केलं

चार वाजून पंचवीस मिनिटांनी गावातल्या एकाच्या पिकअपमध्ये गादी टाकून सईला कुशीवर निजवलं. तोंडानं काहीही द्यायचं नाही, हे प्रशिक्षकानं ठरवलं. आधी पाजलेलं पाणी फुप्फुसात गेलं नाही हे नशीब. दंशाची जागा माहीत नसल्यानं काही बांधलं नाही. आवळपट्टी बांधणं, जखम कापणं, तोंडानं विष ओढणं यांतलं काहीच करायचं नसतं, तसं कुणी केलंही नाही. सोबत प्रशिक्षक आणि मॅडम. दुसरे प्रशिक्षक त्याच वेळी बॅटरी घेऊन टेकाडाकडे पळाले. तिथून आधी १०८ ला आणि मग शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन झाला. रुग्णवाहिकेला त्यांनी वस्तीवर न बोलावता आरोग्य केंद्रावरच बोलावलं. या एका वाक्यानं निदान पाऊण तास वाचला.

वाटेत प्रशिक्षक दर काही मिनिटांनी सईला मोजायला सांगत होता. एक, दोन, तीन... आधी सतरा, मग चौदा. केंद्राच्या फाटकाशी पोचले तेव्हा नऊ. आकडा वहीत वेळेसकट लिहिलेला होता, आणि डॉक्टरांनी मला सांगितलं की हातात वही मिळाल्यावर त्यांना निर्णय घ्यायला दुसरं फार काही लागलं नाही.

डॉक्टर आवारातच राहत होते. त्यांनी पापण्या पाहिल्या, विचारलं, ‘रात्री जमिनीवर झोपली होती?’ आणि लस काढायला सांगितली. दंशाची खूण त्यांनाही सापडली नाही. विषारी सापानं रक्त गोठण्यावर परिणाम झाला आहे का, हे पाहणारी वीस मिनिटांची रक्तचाचणी त्यांनी लावली, पण तिच्यासाठी थांबले नाहीत. घोणस-फुरशात ती उपयोगी, मण्यारच्या विषात रक्त नेहमीसारखंच गोठतं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असते, त्यामुळे साप ओळखायची किंवा मारून आणायची गरज नसते. दहा कुप्या सलाइनमधून सुरू झाल्या. लहान मुलांनाही मोठ्यांएवढीच मात्रा द्यावी लागते, कारण सापानं सोडलेलं विष मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. लस घोड्याच्या रक्तापासून बनत असल्यानं तिची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून शेजारी ठेवलं होतं.

पावणेसहाला १०८ ची गाडी आली. लस चालू ठेवूनच सई पुढच्या रुग्णालयात निघाली. शेवटचे दहा किलोमीटर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी फुग्यानं श्वास दिला. सव्वासातला ती व्हेंटिलेटरवर होती.

इकडे समाजमंदिरात ४३ मुलं होती. शिबिरप्रमुखांनी सगळ्यांना उठवून अंगणात आणलं, गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं: पोटात दुखतंय का, गिळताना त्रास होतोय का, मान उचलून दाखव. ही तपासणी फार मोलाची होती. एका खोलीत ओळीनं झोपलेल्या माणसांत एकाच सापाचा दुसऱ्याला दंश झाल्याची प्रकरणं घडलेली आहेत. आठवीतल्या एका मुलाचं पोट दुखत होतं. त्यालाही दुसऱ्या गाडीनं केंद्रात नेलं. चोवीस तास देखरेखीखाली ठेवलं, काही निघालं नाही. अशा वेळी जास्तीचा एक मुलगा तपासून घेण्यात कुणाचंच नुकसान नाही.

सकाळी सर्पमित्र आले, पेंढ्या एकेक करून बाहेर काढल्या. साप मिळाला नाही. तो पेंढ्यांतून आला की दाराखालून, हे कुणीच सांगू शकत नाही.

पालकांना कळवताना मात्र घोळ झाला. मुख्याध्यापकांनी सईच्या आईवडिलांना पहाटे पाचला स्वतः फोन केला, ते थेट रुग्णालयाकडे निघाले. बाकीच्यांना काय आणि कधी सांगायचं, यावर संस्थाचालकांत चर्चा सुरू राहिली आणि तेवढ्यात आठच्या आत पालकांच्या गटात संदेश फिरला की शिबिरात साप चावून एक मुलगी गेली. नाव नव्हतं. पुढचा दीड तास अनेक आयांनी कसा काढला असेल, याची कल्पना करवत नाही. शाळेचा अधिकृत संदेश साडेनऊला आला.

परिणाम

सई चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. मण्यारचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं. रक्तात फिरणारं विष लस निष्प्रभ करते, पण झालेली हानी ती परत फिरवू शकत नाही. टोकं पुन्हा वाढेपर्यंत यंत्रानं श्वास द्यावा लागतो. म्हणून या सापाच्या बाबतीत लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. नवव्या दिवशी ती घरी गेली. तिसऱ्या आठवड्यात शाळेत आली. त्या काळातलं तिला जे आठवतं ते ऐकून मी सुन्न झालो: ती सगळं ऐकत होती, डोळे उघडता येत नव्हते, आणि कुणीतरी ‘ही शुद्धीवर नाही’ म्हणाल्याचं तिला अजून आठवतं. प्रशिक्षणात हे मी आता आवर्जून सांगतो. अशा मुलाशी सतत बोलत राहा, आणि त्याच्यासमोर काय बोलता ते जपून बोला.

शिबिर त्याच दिवशी आवरलं. मुलं दुपारच्या बसनं परतली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांची बोटं आधी ३.१० ते ४.०५ या पंचावन्न मिनिटांकडे वळली. मला तो न्याय वाटत नाही. मॅडमनी जे केलं ते घरी कुठल्याही आईनं केलं असतं. त्यांना फक्त एक गोष्ट माहीत असायला हवी होती: जंगलात जमिनीवर झोपलेल्या मुलाला पहाटे पोटदुखी झाली तर आधी डोळ्यांवर बॅटरी धरा आणि प्रशिक्षकाला उठवा. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं प्रशिक्षणात नव्हती. बिबट्याला चाळीस मिनिटं होती.

माझ्या मते निर्णयाचा खरा क्षण संध्याकाळी साडेआठचा होता. तळ हलवणं योग्यच होतं, पण तंबू सोडले तेव्हा रात्रीचं संरक्षणही मागंच राहिलं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊस आला तर मुलं कुठं झोपतील, ती जागा दिवसा कुणी पाहिली आहे का, तिथं धान्य-पेंढा आहे का, दाराची फट बुजवता येईल का, मच्छरदाण्या आहेत का, हे प्रश्न आदल्या महिन्यातल्या पाहणीत विचारायचे होते. त्या रात्रीही हाताशी थोडं काही होतं: पेंढ्यांच्या विरुद्ध बाजूला अंथरुणं, दाराशी ओली पोती, आणि उरलेल्या कोरड्या तंबूंचे आतले भाग खोलीतच उभे करून त्यांत शक्य तितकी मुलं. प्रशिक्षकांशी बोलताना हा शेवटचा उपाय त्यांनीच सुचवला. नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारपासून बरंच संरक्षण देते, आणि ती स्वस्तात मिळते.

गाडीचं कारण आणखी साधं आहे. चालकाच्या रात्रीच्या मुक्कामाचे पैसे करारात नव्हते, म्हणून तो घरी गेला. पिकअप मिळाली ही गावाची माणुसकी होती. शिबिराच्या आराखड्यात माणुसकी गृहीत धरून चालत नाही.

आणि मावशी. पाच वर्षं त्या या शिबिराचा स्वयंपाक करत होत्या. दरवर्षी पहिल्या दिवशी मुलांना सूचना द्यायला सगळे प्रशिक्षक उभे राहायचे, मावशी चुलीपाशी असायच्या. या खोऱ्यात रात्री काय होतं हे ज्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक होतं, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या उजाडताना आल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी लिहीत नाही.

घटनेनंतर संस्थाचालकांपैकी काहींनी जंगल शिबिरं कायमची बंद करायचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, आणि तो फेटाळावा म्हणून सगळ्यांत आग्रहानं सईचे वडीलच बोलले. त्यांनी अट घातली ती एवढीच की आराखडा रात्रीपासून लिहायला सुरुवात करायची. एका पालकांनी लस शिबिरातच ठेवायची मागणी केली. मी त्याला विरोध केला. तीव्र प्रतिक्रिया हाताळू शकणारा डॉक्टर शेजारी नसताना ती लस देणं धोक्याचं आहे, आणि श्वास थांबला तर लस हातात असूनही उपयोग नाही. त्यापेक्षा लस कुठं आहे, आज तिथं किती कुप्या आहेत, डॉक्टर कोण आहेत आणि व्हेंटिलेटर किती अंतरावर आहे, हे शिबिराच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. पुढच्या शिबिरापासून शाळा तसं करते. शिबिर आता जानेवारीत असतं, मुलं भाड्यानं आणलेल्या घडीच्या खाटांवर मच्छरदाणीत झोपतात, गाडी चालकासकट तळावर उभी असते. त्यामुळे शुल्क वाढलं आणि ज्यांना ते परवडत नाही अशा मुलांचा फरक शाळा स्वतः भरते. पालकांना एक तासाच्या आत, अर्धवट का होईना पण खरी माहिती द्यायची, हेही लेखी ठरलं आहे.

एक काम अजून अर्धंच आहे. वर्षांचे सरासरी आकडे पाहिले तर २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सुमारे ५८,००० माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानं २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलं आहे. ही माणसं बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी, जमिनीवर झोपणारी. शाळेची मुलं चार रात्री राहून परत गेली, गावची मुलं दर कापणीला त्याच पेंढ्यांशेजारी झोपतात. आढाव्याच्या बैठकीत मावशींनी हे शाळेला तोंडावर विचारलं. शाळेनं वस्तीतल्या प्रत्येक घराला मच्छरदाण्या दिल्या. पुढच्या भेटीत आशा ताईंबरोबर घराघरांतून फिरलो तेव्हा सुमारे निम्म्या घरांत त्या वापरात होत्या, बाकीच्यांत आत गुदमरतं म्हणून गुंडाळून वर टाकलेल्या. काही घरांत टांगायला खुंट्याच नव्हत्या. यंदा कापणीच्या आधी खुंट्या ठोकून द्यायचं आणि मोठ्या जाळीच्या मच्छरदाण्या मिळतात का ते पाहायचं, असं आशा ताईंशी ठरलं आहे.